शनिवारचं तेल

फणसवाडी, गिरगाव
१७ जून १९५८

प्रिय शकू,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. दुसऱ्यात तू पहिल्याचं उत्तर का नाही म्हणून विचारलंयस, आणि समासात तुझ्या यजमानांनी लाल शाईने ‘साखरपुड्याची तारीख कळवावी’ असं लिहिलंय. लाल शाई बघून अप्पांना वाटलं म्युनिसिपालिटीची नोटीस आली. चष्मा येईपर्यंत त्यांनी दोनदा घाम पुसला. तारखेचं लिहितेच. पण गेला महिनाभर मी घरी नव्हते, जंगलात होते, आणि ते सांगितल्याशिवाय तारखेचं तुला समजायचं नाही. तेव्हा चहाचा कप घेऊन बस. मी घेतलाय.

आधी एक गोष्ट मनाला लावून घेऊ नकोस. तुझं बडोदं आणि आमची मुंबई सध्या एका राज्यात आहेत, आणि हे राज्य मोडावं म्हणून आमच्या घरातली झाडून सगळी माणसं सभेला जातात. अप्पा चौपाटीवरच्या सभेला जाताना घरून पाट नेतात, कारण वाळूत बसलं की त्यांची कंबर धरते. मागच्या सभेहून आले ते म्हणाले, “आता गुजरातचा आणि आपला काही संबंध नाही.” मी म्हटलं, “आणि शकूचा?” तर म्हणाले, “शकू वेगळी. तिला मी शब्द दिलाय.” त्यांच्या शब्दाचं तुला काय सांगायचं. आमचा न्हावी म्हातारा झालाय, त्याचा हात थरथरतो. पण दर रविवारी तुझ्याकडेच येईन असं अप्पा त्याला कधीतरी म्हणून बसले, म्हणून अजून जातात आणि गालावर कोकणचा नकाशा घेऊन घरी येतात.

तर नलूचं. अप्पांची ही लेक, माझी भाची, बी.ए.ला प्राचीन संस्कृती घेऊन बसलीय हे तुला ठाऊक आहे. तुझ्या गुरुदत्तसाठी तिचा फोटो पाठवला त्याच्या मागे मीच लिहिलं होतं. एप्रिलात तिच्या प्राध्यापकांनी सांगितलं की सरकारच्या लेण्यांच्या खात्याला उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते उमेदवार हवेत. बोरिवलीच्या पलीकडे डोंगरात ते कृष्णगिरीचं राष्ट्रीय उपवन केलंय ना, त्यातल्या कान्हेरीच्या लेण्यांपाशी तंबूत राहायचं, मोजमापं घ्यायची, शिलालेखांचे कागदावर ठसे उतरवायचे, भिंतींवर लोकांनी खरडलेली नावं साफ करायची. पगार नाही, जेवण मिळेल. आणि शेवटी दिल्लीचे मोठे साहेब येऊन एकाच उमेदवाराला निवडणार. त्याला वर्षभर खात्याचं शिक्षण, अजिंठ्यापासून सुरुवात करून देशभर. नलूने हे सगळं जेवताना एका दमात सांगितलं आणि ताटातल्या कोलंबीला हात न लावता अप्पांकडे बघत राहिली. ती पोरगी कोलंबीला हात लावत नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

अप्पा म्हणाले, “जंगलात पोरीने शिकायचं कुणाकडून, माकडांकडून?” मग हात धुऊन आले आणि स्वतःच म्हणाले की उद्या मुंबई महाराष्ट्राला मिळाली की लेणीही आपल्याकडे येतील, तेव्हा आतलं कुणीतरी आपलं असलेलं बरं. अशा रीतीने नलूची परवानगी संयुक्त महाराष्ट्राने मिळवून दिली. अटी दोन. सुट्टी संपली की निमूटपणे साखरपुडा. आणि उमेदवारांत पाच मुलगे नि ही एकटी मुलगी, म्हणून सोबत आत्या. आत्याला कुणी विचारलं नाही. बाविसाव्या वर्षी कुंकू पुसून या घरात परत आले तेव्हापासून मला ज्या गोष्टी विचारलेल्या नाहीत त्यांत ही आणखी एक. पण खरं सांगू, मला आनंद झाला. मी मनातल्या मनात सामान बांधायला लागले होते.

सामानात मी खोबरेल तेलाची मोठी बरणी घेतली. आपलं घरचं, मेथी, जास्वंद आणि माका घालून कढवलेलं. ही बरणी लक्षात ठेवायला मी सांगत नाही, ती स्वतःच लक्षात राहील.

तिथल्या मुख्य साहेबांचं नाव राघवन. उंच, वाळकुडे, फार सभ्य माणूस. दगडाला बोट लावायच्या आधी स्वतःचं बोट रुमालाला पुसायचे. मुलांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की आपलं काम काही नवं करणं नाही, जे आहे ते आपल्या हातून आणखी बिघडू न देणं. ते माझ्याही कानावर पडलं होतं, नाही असं नाही. पण मला वाटलं ते उमेदवारांसाठी आहे.

बाकीच्या मुलांतला एकच सांगण्यासारखा, लालबागचा रामदास. घरची सगळी गिरणीत, मूळ मालवणकडचे. कॉलेजात हुशार आणि चळवळीत त्याहून हुशार. परळच्या कामगार मैदानावरची एकही सभा त्याने चुकवली नव्हती, आणि इथे जंगलात सभा नाही म्हणून तो सकाळी माकडांपुढे भाषण करायचा. त्याच्या आईने सुके बांगडे दिले होते, मी बोंबलाची चटणी नेली होती, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. तुझ्या मनात येतंय तसलं त्याचं आणि नलूचं काही नाही. निदान अजून नाही.

नलू मात्र मला ओळखू येईना. इथे घरी दोन साड्यांतली कुठली नेसू म्हणून मला चारदा विचारणारी मुलगी. तिथे डोक्याला फडकं बांधून ती भिंतीला नाक लावून तासन्‌तास उभी. संध्याकाळी मला लेख वाचून दाखवायची. कुणी कल्याणच्या व्यापाऱ्याने गुंफा खोदवली, कुणी भिक्खुणीने पाण्याचं टाकं दिलं. मी विचारलं, “बाईचं नाव आहे? तिचं स्वतःचं?” नलू म्हणाली, “आहे की.” मी पुन्हा विचारलं. आपल्या वाडीतल्या विहिरीच्या पाटीवर माझ्या आजोबांचं नाव आहे आणि विहीर झाली ती आजीच्या पाटल्या मोडून, हे तुला माहीतच आहे. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. डासही होते.

आता ते सांगते. तिथे सगळ्यात मोठी गुंफा आहे तिच्या ओसरीत दोन टोकांना दोन बुद्ध उभे आहेत, समोरासमोर. चार माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी राहिली तर कपाळाला हात पोचेल एवढे. सगळे कामाला गेले की मी तिथे गारव्याला जाऊन तांदूळ निवडत बसे. समोर त्यांचे पाय. शकू, मे महिन्यातले ते पाय तू बघायला हवे होतेस. पांढरट, कोरडे, भेगाळलेले, आपल्या मोलकरणींच्या टाचा होतात ना उन्हाळ्यात, अगदी तशा. आठ दिवस मी ते बघितले. नवव्या दिवशी शनिवार उजाडला. फणसवाडीत असताना मारुतीला तेल घातल्याशिवाय माझा शनिवार जात नाही, आणि त्या डोंगरात मला मारुती कुठे सापडला नव्हता. बुद्ध म्हणजे मारुती नव्हे हे मला कळतं, एवढी मी अडाणी नाही. पण बरणी होती, शनिवार होता, आणि पाय फुटलेले होते. मी खोक्यावर चढले आणि पावलांपासून गुडघ्यांपर्यंत, जिथवर हात पोचला तिथवर, छान जिरवून तेल लावलं. दगड असा प्यायला म्हणून सांगू. दुसऱ्याचेही करणार होते, पण बरणी संपली. दोघांत भेदभाव झाला याचंच मला दिवसभर वाईट वाटत होतं.

रविवारी सकाळी राघवन साहेब तिकडे गेले आणि पायरीवर बसले ते बसलेच. टोपी काढून मांडीवर ठेवली. तेल पिऊन दगड काळाकुळकुळीत झाला होता. एक बुद्ध जसाच्या तसा, आणि दुसरा शाळेतल्या पोरासारखा गुडघ्यापर्यंत काळे मोजे घालून उभा. त्या दिवसांत मुंबईत रोज कुठल्या ना कुठल्या पाटीला डांबर फासलं जात होतं, त्यामुळे साहेबांना दुसरं काही सुचलंच नाही. त्यांनी बोरिवलीला निरोप धाडला आणि दुपारच्या उन्हात सायकल ढकलत एक हवालदार आला. उमेदवार, रखवालदार, आचारी, सगळ्यांना ओळीत उभं केलं. मला नाही केलं. आत्या कुणी मोजत नाही. मी तंबूत होते, माझ्या कानावर आलं ते एवढंच, की कुणा मेल्याने बुद्धाला डांबर फासलं. आता मी डांबर फासलं नव्हतं. म्हणून मी आतून त्या मेल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. हात तुटो त्याचे, इथपर्यंत गेले.

ओळीत नलू पांढरीफटक पडली होती, कारण तिला वास आला होता. त्या मूर्तीच्या पायांना, शकू, माझ्या अंबाड्याचा वास येत होता. लहानपणापासून ती माझ्या कुशीत झोपलेली, तिला क्षणात कळलं. रामदासने तिचा चेहरा बघितला आणि त्याचा भलताच समज झाला. त्याला वाटलं, गिरगावची ही अबोल मुलगी रातोरात क्रांतिकारक झाली. तो एक पाऊल पुढे आला, छाती काढली आणि म्हणाला, “मी फासलं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी.”

हवालदार मालवणचाच निघाला. त्याने वही मिटली आणि विचारलं, “अरे मेल्या, पण बुद्धान तुजां काय वाकडां केल्यान?” रामदास म्हणाला, “केंद्र सरकारची मालमत्ता आहे.” हवालदार म्हणाला, “मग पोस्टाच्या पेटयेक फासूचां. ह्या उन्हातसून माका हय कित्याक आणलंस?”

एवढ्यात मी सूप हातात घेऊन बघायला गेले, आणि लोक बोट कुठे दाखवतायत ते बघितलं. म्हटलं, “हे होय? अहो, हे डांबर नव्हे, हे माझं तेल.” मला वाटलं सगळ्यांना हायसं वाटेल. तर रामदास ऐकेना. “आत्या मला वाचवायला खोटं बोलतायत,” म्हणाला. मला असा राग आला म्हणतेस. तासभर खोक्यावर उभी राहून मी हात भरून घेतले आणि श्रेय हा कालचा पोरगा घेणार? मी म्हटलं, “सांग रे, काय काय घातलंय त्यात?” म्हणाला, “तीळ?” हवालदाराने बोट फिरवलं, वास घेतला आणि मला विचारलं. मी मेथी, जास्वंद, माका, सगळं प्रमाणासकट सांगितलं. त्याने मान डोलावली, बोटाचं तेल स्वतःच्या मिशीला पुसलं आणि राघवन साहेबांना सांगितलं, “साहेब, ह्यात राजकारण नाय. ह्यो शनवार आसा.” आणि सायकलवर टांग टाकून गेला.

राघवन साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. ते नलूला म्हणाले की पंधरवड्याने दिल्लीचे साहेब येतील, मला हे कळवावं लागेल, आणि ज्या उमेदवाराच्या माणसाकडून हे झालं तिचं नाव मी पुढे पाठवू शकणार नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी काय करून बसले. मी म्हटलं, “त्यात काय, शिकेकाई लावून धुऊन देते. दिवाळीला आपण नाही का तेल लावून उटणं लावत?” आणि शिकेकाईचा पुडा आणायला वळले. तर नलू वाटेत उभी राहिली. मला म्हणाली, “आत्या, हात लावायचा नाही.” शकू, त्या मुलीने जन्मात मला उलट शब्द बोललेला नाही. आवाज चढला नव्हता. पण मी पुडा खाली ठेवला.

पुढचा पंधरवडा तिच्या उमेदवारीचा विषय एकच होता, भगवान बुद्धांचे गुडघे. राघवन साहेबांकडून तिने विचारून घेतलं, पुस्तकं चाळली. बारीक चाळलेली माती कसल्याशा औषधी स्पिरिटात कालवून लेप लावायचा, वाळताना ती तेल ओढून घेते, मग लाकडी पट्टीने हलकेच उतरवायची आणि पुन्हा नवा लेप. पण आधी एकदम मूर्तीवर नाही. बाहेर पडलेल्या एका फुटक्या दगडाला माझ्याकडूनच डोक्यावरचं राहिलेलं तेल लावून घेतलं, त्यावर लेप करून बघितला, पहिला चुकला, दगडाचा पापुद्रा आला, तिने प्रमाण बदललं. तीनदा. मग मूर्ती, तीही टाचेच्या मागच्या बाजूला वाटीएवढ्या जागेवर. मी म्हटलं, असं वाटी वाटी करत गेलीस तर गुडघ्यापर्यंत तुझी नातवंडं पोचतील. तिने ऐकलंच नाही. रामदास माती चाळायचा आणि जाता येता मला म्हणायचा, “आत्यानू, तेवढं तेलाचं नाव काढलं नसतंत तर माझी एक रात्र तुरुंगात झाली असती.” त्या दिवसांत तुरुंगात न गेलेला मुलगा म्हणजे मुंज न झालेल्यासारखा, त्याचं दुःख मला समजत होतं.

दिल्लीचे साहेब यायच्या आदल्या दिवशीही एक फिकट सावली राहिलीच होती, पोटऱ्यांपर्यंत. रामदासने तोडगा काढला, दुसऱ्या मूर्तीलाही तेवढंच तेल लावून लेप काढू, म्हणजे दोन्ही सारख्या दिसतील, कुणाला कळणार नाही. मला पटलं होतं. एक मुलगा तर तिथलीच धूळ चोळू म्हणाला. नलूने दोघांनाही नाही म्हटलं. दिल्लीच्या साहेबांपुढे ती उभी राहिली आणि म्हणाली की माझ्या आत्याने तेल लावलं, मी एवढं काढलं, एवढं निघालं नाही, आणखी ओढलं तर दगड निघेल म्हणून मी थांबले. मी तंबूच्या दोरीला धरून हे ऐकत होते. फोटो नाही, कुंडली नाही, त्या माणसाने तिला तासभर नुसते प्रश्न विचारले आणि तिने एकालाही “आत्याला विचारून सांगते” असं उत्तर दिलं नाही.

मग त्यांनी मला बोलावलं. पिकल्या केसांचे, माझ्यापेक्षा वडील. हिंदीत विचारलं, का लावलं तेल? मी माझ्या हिंदीत सांगितलं, “पाँव फटा था.” ते हसले नाहीत. म्हणाले, “माताजी, पूरा देश घूमा हूँ, हर मूर्ति की कोई न कोई बुआ होती है.” बुआ म्हणजे आत्याच. कुठे शेंदूर, कुठे चुना, कुठे दुधाच्या घागरी. म्हणाले, चोरांनी जेवढं नेलं नाही तेवढं बुआंनी मायेने घासून टाकलंय, आणि आमची निम्मी नोकरी तुमच्यामागे जाते. मला शरम वाटली आणि थोडं बरंही वाटलं, की मी एकटी नाही. जाताना त्यांनी राघवन साहेबांशी इंग्रजीत काही बोलून नलूच्या हातात कागद दिला. निवड तिची झाली. कुठे थांबायचं हे जिला कळतं ती मला हवी, असं ते म्हणाले, हे मला रामदासने मराठीत करून सांगितलं. महिनाअखेर होकार कळवायचा, जुलैत अजिंठ्याला हजर व्हायचं, आणि वर्षभर आज इथे, उद्या तिथे.

आम्ही घरी आलो. नलूने तो कागद ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवला. अप्पांना सांगितलं नाही, कारण अप्पांनी शब्द दिलाय आणि तिनेही दिलाय. मला म्हणाली, “कळलं ना आत्या, की मला येतं. पुरे.” परवा साखरपुड्याचे शालू बघायला दुकानदार घरी आला. ती समोर बसली, आणि मी बघते तर एका शालूच्या काठाची कड बोटाने उलटून, चिमटीत धरून, ओल्या रुमालाने हलकेच टिपून रंग पक्का आहे का ते पाहत होती. सगळा शालू नाही. नखाएवढी जागा. दुकानदाराला वाटलं, मुलगी चौकस आहे. मी उठून आत गेले.

म्हणून, शकू, हे पत्र. तारीख मागू नकोस, नकार दे. अप्पा आपणहून शब्द मोडणार नाहीत. त्या न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली मान देतील पण मोडणार नाहीत. नलूही मोडणार नाही. मोडायचा तर तो तुमच्याच बाजूने मोडायला हवा. गुरुदत्त चांगला मुलगा आहे, त्याच्यात काही खोट नाही, आणि हे मी तुझ्याकडे मागतेय म्हणजे काय मागतेय ते मला कळतं. वर्षभर थांबा म्हणण्याचाही विचार केला होता. पण वर्षाने ती परत येईल ती कुणाच्या घरात मावणारी येणार नाही, आणि तेव्हा मोडण्यापेक्षा आता मोडलेलं तुझ्या मुलाला बरं. कारण शोधत बसू नकोस. मुलीची आत्या विक्षिप्त आहे, सरकारी मूर्तीला तेल लावल्याबद्दल तिच्यावर पोलिस आले होते, असल्या घराशी आम्हाला सोयरीक नको, असं तुझ्या यजमानांकडून सरळ लिहव. लाल शाईनेच. खोटं काही लिहावं लागणार नाही, अप्पांना लगेच पटेल, आणि माझ्यावर चिडायला त्यांना हक्काचं निमित्त मिळालं की नलूकडे त्यांचं लक्षही जाणार नाही. घरात सहा महिने तुझं नाव काढायची सोय राहणार नाही. पण पत्र लिहिणं थांबवू नकोस. आमचा पोस्टमन दुपारी येतो तेव्हा अप्पा झोपलेले असतात, आणि दार मीच उघडते.

या घरात आणि त्या घरात, कुठेही असले तरी

तुझीच,
आनंदी